मोटारयोग

छत्रपती संभाजीनगर या शहराच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, अर्वाचीन बखरीत २०१० सालच्या ऑक्टोबर महिन्याला मानाचे पान आहे. कारण त्या महिन्यात येथील उद्योजक, डॉक्टर, वकील, बांधकाम व्यावसायिक इत्यादी मंडळींनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज मोटारी एकाच मागणीने खरेदी केल्या, आणि घाऊक माल उचलणाऱ्याने भावात सवलत मागावी हा जुन्या मोंढ्यातील ज्वारीच्या व्यवहाराचा दंडक जर्मन मोटारींनाही तंतोतंत लागू पडतो, ही गोष्ट मराठवाड्याने साऱ्या जगाच्या निदर्शनास आणली. सौदा सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता. त्यांपैकी ४० कोटींहून अधिक रक्कम स्टेट बँकेने ७ टक्के व्याजाने दिली, आणि त्याच काळी शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला मात्र १२ टक्क्यांचा दर पडतो, याकडे पत्रकार पी. साईनाथ यांनी लक्ष वेधून त्या मिरवणुकीच्या वाटेवर दोनचार खडे टाकले. मला त्यावरून एवढाच बोध झाला की, ज्याला वाहनाची निकड जितकी कमी, तितके त्याच्या कर्जाचे व्याज कमी.

त्या मोटारींची छायाचित्रे देशभर छापून आली. त्याच महिन्यात याच शहरात ज्या गृहस्थांनी आपल्या आयुष्यातली पहिली आणि मोटारीच्या आयुष्यातली बहुधा शेवटची खरेदी पार पाडली, त्यांचे छायाचित्र फक्त घरच्यांनी काढले, आणि त्यातही मोटारीची पोचा आलेली बाजू काळजीपूर्वक भिंतीकडे ठेवण्यात आली होती. प्रस्तुत लेख अशा गृहस्थांविषयी आहे.

अल्प उत्पन्नाचा गृहस्थ केवळ हौसेखातर मोटारीचा विचार करतो, असे म्हणणे हा त्याच्यावर घोर अन्याय होय. हौस ही त्याच्या अंदाजपत्रकातील मंजूर बाबच नव्हे. त्यामुळे मोटारीचा प्रस्ताव तो स्वतःच्या मनापुढेसुद्धा सरकारी टिपणीप्रमाणे, कारणांना क्रमांक देऊन, सादर करतो. आईचे गुडघे रिक्षात चढण्याउतरण्यास नकार देऊ लागले असून तिला महिन्यातून एकदा घाटी रुग्णालयात न्यावे लागते, ही बाब पहिली. वैशाखातली लग्ने कन्नड, सिल्लोड, पैठण अशा दिशांना भर बारा वाजता लागतात आणि त्या उन्हात आहेराची साडीसुद्धा कोमेजते, ही बाब दुसरी. आणि दुचाकीच्या टाकीवर बसणारा धाकटा आता इतका वाढला आहे की त्याला समोरचा रस्ता पूर्ण दिसतो आणि चालवणाऱ्याला मुळीच दिसत नाही, ही बाब तिसरी व निर्णायक. या टिपणीवर गृहिणीचा शेरा पडतो तो असा, की ‘घ्यायची तर घ्या, पण रस्त्यात ढकलायला मी उतरणार नाही’. आणि ‘भरवशाची मोटार’ या संकल्पनेची इतकी नेमकी व्याख्या मला कोणत्याही यांत्रिक ग्रंथात आढळलेली नाही.

वास्तविक या शहराला वाहनांची उणीव कधीच नव्हती. पश्चिमेस वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना दुचाक्या व रिक्षा प्रसवत आहे. पूर्वेस शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या मोटारी जुळवल्या जाऊ लागल्या व पुढे त्याच आवारात ऑडीही जुळू लागली. म्हणजे शहराच्या एका टोकास तीन चाके, दुसऱ्या टोकास चार वलये, आणि त्या दोहोंच्या मधल्या जालना रोडवर आमचा गृहस्थ दोन चाकांवर चौघांचा संसार तोलीत सिग्नल हिरवा होण्याची वाट पाहत उभा, अशी एकंदर भौगोलिक व्यवस्था आहे. जो कामगार दिवसभर परदेशी मोटारीचे दार बसवतो, तो संध्याकाळी ज्या बसने घरी येतो तिचे दार मुळी लागत नाही, यातला विरोधाभास अर्थशास्त्रज्ञांना कळतो. कामगाराला फक्त वारा लागतो.

या मधल्या माणसाची कणव आजवर कोणालाच आली नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० अवतरली आणि तिने मध्यमवर्गाला मोटार ही वस्तू लग्नाच्या वरातीव्यतिरिक्तही वापरता येते हे शिकवले. पावसात स्कूटरवरून भिजत जाणारे एक कुटुंब पाहून रतन टाटा यांचे मन द्रवले व त्यातून २००८ मध्ये एक लाखाची नॅनो जगासमोर आली. आणि २०१२ मध्ये बजाजने रिक्षेची सख्खी बहीण शोभेल अशी एक इवलीशी चारचाकी प्रदर्शनात मांडली, जिचे पुढे ‘क्यूट’ असे बारसे झाले. यांपैकी मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, नॅनोचे २०१८ मध्ये. नॅनोच्या अपयशाची कारणे विद्वानांनी नाना प्रकारे सांगितली आहेत. परंतु खरे कारण आमच्या आळीत कोणीही सांगेल. गृहस्थाला मोटार हवी असते ती आपण आता पूर्वीइतके गरीब उरलो नाही ही वार्ता शेजाऱ्यांना कर्णोपकर्णी कळावी म्हणून. आणि ही मोटार तर ‘जगातील सर्वांत स्वस्त’ अशी बिरुदावली मिरवीत दारात येऊन नेमका उलटा दाखला देत होती. ही बिरुदावली भोवली, हे पुढे खुद्द टाटांनीही बोलून दाखवले. शिवाय पेट्रोल भरण्यासाठी तिचे पुढचे झाकण उघडावे लागे, आणि पंपावर झाकण उघडले की मागच्या रांगेतला माणूस मोटार बिघडली असे समजून सहानुभूतीने खाली उतरे, हे दुःख वेगळेच.

राहता राहिली कोरी मोटार. २०२५ च्या सप्टेंबरात सरकारने लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला, तेव्हा आमच्या गृहस्थाने वर्तमानपत्राच्या समासात हिशेब मांडून पाहिला; आणि सर्वांत लहान कोरी मोटारदेखील साडेतीन लाखांच्या आसपास सुरू होऊन एकरकमी कर, विमा, नोंदणी व विक्रेत्याने प्रेमाने बसवलेली पायपुसणी यांसह चार लाखांच्या पुढे जाते, असे दिसून आल्यावर त्याने तो कागद शांतपणे दुमडून कपाटाच्या कप्प्यात अंथरला. त्याच्यापाशी आहेत दीड लाख रुपये, तेही भिशी, दिवाळीचा बोनस आणि भावाने परत केलेले उसने पैसे अशा तीन नद्यांच्या संगमातून साठलेले. म्हणून तो जुन्या मोटारीकडे वळतो, आणि तेथून खऱ्या अर्थाने त्याच्या विद्याभ्यासास प्रारंभ होतो. कारण धनिकाला मोटार घेण्यासाठी एक सही पुरते, परंतु दीड लाखाच्या माणसाला ती घेण्यापूर्वी रसायन, कायदा, मानसशास्त्र आणि धातुविद्या या चार विषयांत निदान उत्तीर्ण व्हावे लागते.

या चारांच्याही आधी भाषेचा पेपर. जुन्या मोटारींच्या जाहिरातींची एक स्वतंत्र अलंकारव्यवस्था आहे. ‘डॉक्टरांनी वापरलेली’, ‘सिंगल हँड’, ‘लेडीज ड्रिव्हन’, ‘शोरूम कंडिशन’, ‘एक रुपयाचे काम नाही’ ही विशेषणे इतक्या सढळपणे योजलेली असतात, की या शहरात विकावयास निघालेल्या सर्व मोटारी जर खरोखर डॉक्टरांच्या असत्या तर आमच्याकडे रोग्यांची तीव्र टंचाई निर्माण झाली असती. ‘अर्जंट विकणे आहे’ या वाक्यातील घाई मोटारीला नसून मालकाला का आहे, हा प्रश्न चाणाक्ष वाचक मनातच ठेवतो. आणि ‘फक्त रविवारी वापरलेली’ असे वाचल्यावर, शनिवारी रात्री ती सुरू करण्यास प्रारंभ करीत असतील काय, अशी एक शंका त्याला चाटून जाते.

या बाजाराची शास्त्रीय मीमांसा जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात केली आहे. मोटारीचे गुणदोष विकणाऱ्यास ठाऊक असतात व घेणाऱ्यास नसतात. म्हणून घेणारा सावधपणे मध्यम भाव सांगतो. त्या भावात चांगली मोटार देणे परवडत नाही म्हणून चांगल्या मोटारीचा मालक ती घेऊन घरी जातो. आणि बाजारात उरतात त्या उरलेल्याच, असा त्याचा थोडक्यात सिद्धान्त. दोन प्रतिष्ठित नियतकालिकांनी हा निबंध क्षुल्लक म्हणून परत धाडला, आणि २००१ मध्ये त्याच विषयाबद्दल लेखकाला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आमच्या शहरातील कोणताही मोटारदलाल हा सिद्धान्त चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या सांगतो. त्याला पारितोषिक मिळाले नाही ते एवढ्याचसाठी, की तो दोन्ही पक्षांकडून कमिशन घेण्यात गुंतलेला असल्यामुळे त्याला निबंध लिहावयास सवड सापडत नाही.

मोटार घ्यावयाची, ही वार्ता फुटताच सल्लागारांचे मंडळ आपोआप स्थापन होते, आणि त्याचे सदस्यत्व मिळण्यास मोटार असणे ही अट नसते. किंबहुना ज्यांनी आजन्म सिटी बसखेरीज वाहन पाहिले नाही त्यांचेच मत अधिक ठाम असते. मेहुणे ‘डिझेलच घ्या, भावजी’ म्हणतात. वरच्या मजल्यावरचे निवृत्त तलाठीकाका डिझेलची जुनी मोटार म्हणजे दारात बांधलेला हत्ती होय असे सांगून चष्मा पुसतात. कचेरीतला सहकारी पांढरा रंग घ्या म्हणतो, कारण पांढऱ्यावर धूळ दिसत नाही. आणि आत्याबाई क्रमांकाची बेरीज विचारतात. गाडीचे इंजिन फुंकले गेले तरी चालेल, पण क्रमांकाची बेरीज आठ येऊ नये, असा त्यांचा कटाक्ष. हे सर्व सल्ले परस्परविरोधी असतात व सर्व विनामूल्य असतात. आणि मोटार बिघडल्यावर ‘मी तेव्हाच म्हटले होते’ हे वाक्य उच्चारण्याचा हक्क राखून ठेवणे, एवढाच त्यांचा मोबदला असतो.

या कोलाहलात एकच इसम गप्प बसलेला असतो, आणि तो म्हणजे मिस्त्री. या सर्व विद्येचा माझ्या मते जो निष्कर्ष आहे तो येथेच सांगून टाकतो: अल्प उत्पन्नाच्या माणसाने आधी मोटार शोधून मग मिस्त्री शोधू नये, आधी मिस्त्री शोधावा आणि मोटार त्याला शोधू द्यावी. भरवसा हा मोटारीचा गुण नाहीच; लोखंडाला कोणाशीही इमान नसते. भरवसा हा माणसाचा गुण आहे, आणि दीड लाखात तो मोटारीबरोबर मिळत नसल्यामुळे वेगळा मिळवावा लागतो. आमच्याकडे असे उस्ताद जुन्या शहरातील दरवाजांच्या आसपासच्या गल्ल्यांत अद्याप आढळतात. त्यांच्या दुकानाला बहुधा पाटी नसते, बसावयास एक काढून ठेवलेले मोटारीचे आसन असते, आणि त्यांची दखनी बोली इतकी काटकसरी असते की तीत प्रशंसेला जागाच उरत नाही. विक्रेत्याने चकचकीत धुऊन पुसून आणलेल्या एका मोटारीभोवती एक प्रदक्षिणा घालून असेच एक उस्ताद म्हणाले, ‘साब, इसका मुंह धोया, पेट नइ धोया’. आणि त्या एका वाक्याने विक्रेत्याच्या तासाभराच्या वक्तृत्वाचा निकाल लागला.

उस्तादांचे परीक्षण पाहणे हा एक सांस्कृतिक अनुभव आहे. ते प्रथम बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड आहे की नाही हे पाहतात, कारण गिऱ्हाईक येण्यापूर्वी मोटार तापवून ठेवणे ही विक्रेत्यांची जुनी रीत असून थंड इंजिन पहिल्या किल्लीला जे बोलते तेच खरे मानावयाचे असते. मग मोटार सुरू ठेवून ते ऑइलचे झाकण उघडतात. आतून धुराचे फुत्कार आले तर ‘बॅक कॉम्प्रेशन’, म्हणजे पिस्टन-रिंगा झिजल्याची कबुली. झाकणाच्या आतल्या बाजूस दुधाळ फेस दिसला तर पाणी आणि ऑइल यांचा संकर. मागच्या नळकांड्यातून निळा धूर आला तर मोटार ऑइल पिते, काळा आला तर पेट्रोल उधळते, आणि गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर उस्ताद काहीच न बोलता हात पुसू लागतात. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात. त्यांतले पहिले दोन आठवडा व शेवटचे दोन वर्ष सांगतात, तेव्हा ‘२३१६’ असा आकडा वाचून ते टायर २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यात जन्मले, हे उस्ताद जाहीर करतात, आणि ‘टायर नवे टाकलेत’ म्हणणारा मालक आकाशातील ढगांकडे पाहू लागतो. पत्र्यावर बोटाने टकटक करीत ते पुढे सरकतात. आवाज बद्द झाला की तेथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे, म्हणजे मोटार पूर्वी कोणाला तरी आलिंगन देऊन आलेली आहे, हे समजावे. दारांच्या काचांवरही निर्मितीची खूण असते. पाच काचा एका वर्षाच्या आणि सहावी पुढच्या दशकातली, तर त्या सहावीची हकिकत विचारावी.

किलोमीटरच्या आकड्याला उस्ताद ढुंकूनही पाहत नाहीत. एकेकाळी माणसाचे वय लपवण्यासाठी कलप होता, तसा आता मोटारीचे वय लपवण्यासाठी एक यंत्र निघाले असून अल्प दक्षिणेत ते लाखाचे तीस हजार करून देते. परंतु ज्या मोटारीने फक्त तीस हजार किलोमीटर चालल्याचे प्रतिज्ञापूर्वक सांगितले, तिच्या ब्रेकच्या पायपट्टीवरचे रबर तळहातासारखे गुळगुळीत का आणि स्टिअरिंगची चामडी सोलवटलेली का, याचा खुलासा त्या यंत्राला देता येत नाही.

आणखी एक परीक्षा मोठी उद्बोधक असते. उस्ताद पायाखालचा गालिचा उचलून वास घेतात व आसनाखालच्या पट्ट्यांवर गंज आणि गाळ शोधतात. कारण जेथे नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येते अशा या शहरातही बुडालेली मोटार विकावयास येऊ शकते. २६ जुलै २००५ या एका दिवशी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, जो आमच्याकडे बहुधा अख्ख्या वर्षातही होत नाही. आणि अशा महापुरांत बुडालेल्या मोटारी विमा कंपन्या लिलावात काढतात, त्या धुऊनपुसून दूरच्या कोरड्या गावांकडे प्रस्थान ठेवतात. तेव्हा मोटारीवर मुंबईचा क्रमांक, अंगावर नवा रंग आणि आत अत्तराचा घमघमाट अशी तिन्ही लक्षणे एकत्र आली, तर मराठवाड्याचा पाण्याचा अनुशेष अशा मार्गाने भरून काढण्याचा मोह आवरावा.

यानंतर रस्त्यावरील परीक्षा. विक्रेत्याची इच्छा, मोटार क्रांती चौकातून अदालत रोडने सपाट रस्त्यावर फिरवून आणावी अशी असते. परंतु सपाट रस्त्यावर कोणीही सज्जन वाटतो. सेव्हन हिलचा उड्डाणपूल हा आमच्याकडील कमी वेळाचा घाट, आणि दौलताबादवरून खुलताबादकडे चढणारा रस्ता हा पूर्ण अभ्यासक्रम. दिल्लीची राजधानी याच दौलताबादेस आणण्याचा मुहम्मद तुघलकाचा १३२७ सालचा उपक्रम इतिहासात बदनाम झाला. त्या प्रसंगी वाहनांची आगाऊ चाचणी घेतली होती काय, याविषयी बखरकार गप्प आहेत. त्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडते पण चाके ऐकत नाहीत असे दिसले तर क्लचप्लेट गेली. वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवताच चाकातून कटकट असा नाद आला तर अ‍ॅक्सलची बाजू पाहावी. आणि उतारावर हात सोडताच मोटार आपणहून डावीकडच्या सीताफळवाल्याकडे वळू लागली, तर ती तिची आवड नसून चाकांच्या अलाइनमेंटचा दोष समजावा. हे सर्व होत असताना मागच्या आसनावर बसलेला मालक मोटारीतील टेप मोठ्याने लावतो. तो बंद करावा, कारण संगीताचा जन्म या व्यवसायात नाद झाकण्यासाठीच झाला आहे.

एवढ्या परीक्षांतून निर्दोष उतरेल अशी मोटार दीड लाखात पृथ्वीतलावर नाही. मग दोषांपैकी कोणते पत्करावे, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर आमच्या शहरातील सर्वांत प्रसिद्ध इमारतीने सतराव्या शतकातच देऊन ठेवले आहे. शाहजादा आझमशहा याने आपल्या आईसाठी बीबी का मकबरा उभारला, तेव्हा ताजमहालाचा आदर्श समोर होता, पण ताजमहालाचा खजिना नव्हता. ताजची रक्कम कोटींत सांगतात, आणि मकबऱ्याचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे, असा वरच्या आण्यांसह सांगितला जातो. हे सात आणे वाचले की मला त्या हिशेबनिसाविषयी फार जवळीक वाटते. अताउल्ला हा शिल्पी आणि हंसपतराय हा अभियंता यांनी मग असे केले की, हात पोचतो तेथवर, म्हणजे खालच्या पट्ट्यात, संगमरवर लावला. डोळे दिपावेत म्हणून घुमट संगमरवरी केला. आणि मधल्या सर्व भागात आपला काळा दगड वापरून त्यावर चुन्याचा असा गुळगुळीत गिलावा चढवला की पाहणाऱ्याने विचारू नये. परदेशी प्रवासी त्याला गरिबांचा ताज म्हणून नाक मुरडतात. परंतु साडेतीनशे वर्षे झाली, इमारत उभी आहे व हप्ता कोणाचाही थकलेला नाही. पैसा कोठे ओतावा आणि कोठे गिलाव्यावर भागवावे, हे ज्याला कळले त्याला मोटार कळली. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, टायर या ठिकाणी संगमरवर. रंग, आसने, टेप आणि दारावरचा ओरखडा या ठिकाणी चुना. आमचे बहुतेक गिऱ्हाईक नेमके उलटे करतात, म्हणजे चुन्याच्या इंजिनावर संगमरवरी आसने चढवतात, आणि मग बीड बायपासवर त्या आसनांवर आरामात बसून टोचणवाल्याची वाट पाहतात.

मोटार पसंत पडली तरी कागद पसंत पडावयाचे असतात. परिवहन खात्याचे दप्तर हा या विद्येतील सर्वांत कठीण पेपर. शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले, तरी ‘एमएच २०’ हा क्रमांक अढळ राहिला असून त्याच्या कचेरीतील नमुन्यांनाही काळाचा स्पर्श झालेला नाही. विकणाऱ्याने नमुना २९ भरून विक्रीची वर्दी द्यावयाची, घेणाऱ्याने नमुना ३० भरून हस्तांतराचा अर्ज करावयाचा, मोटारीवर बँकेचा बोजा असेल तर नमुना ३५ ने तो उतरवावयाचा, आणि मोटार परजिल्ह्यातली असेल तर नमुना २८ ची ना-हरकत आणावयाची. विमा, पीयूसी, थकलेली ई-चलने, २०१९ पूर्वीच्या मोटारीस नवी सुरक्षित क्रमांक-पाटी, आणि पंधरा वर्षे पूर्ण होत आली असतील तर पुनर्नोंदणी व पर्यावरण कर, या सर्वांची रुजुवात आता मोबाइलवर घटकाभरात होते. तरीही मालक म्हणतो, ‘कागद क्लिअर आहेत, फक्त नावावर करायचे तेवढे राहू द्या, पुढच्या महिन्यात करू’. हा पुढचा महिना पंचांगात नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्वच्छ सांगितले आहे, की मोटार प्रत्यक्षात कितीही हातांतून फिरलेली असो, अपघात झाल्यास भरपाईच्या कामी दप्तरात ज्याचे नाव तोच मालक. म्हणजे नाव न बदलण्यात खरा धोका विकणाऱ्याचा. पण ही गोष्ट त्याला समजावून सांगताच त्याच रात्री त्याला नमुना २९ सापडतो, असा अनुभव आहे.

मग भावाची मसलत. मालक एक लाख नव्वद म्हणतो, गृहस्थ सव्वा म्हणतो, आणि दोघांच्याही मनात दीडच असतो. तरी तेथवर येण्यास दोन चहा, एक शपथ आणि एकदा उठून दारापर्यंत जाणे इतका विधी आवश्यक असतो. उस्ताद या वेळी मध्येच ‘शॉकॉप करना पडताय’ असे पुटपुटून दोन हजार उतरवतात, आणि मालकाने भुवया उंचावताच ‘पिछले भी’ असे म्हणून आणखी दोन. टोकन देताना गृहस्थाची बायको पिशवीतून पैसे काढते, ते मोजते, पुन्हा मोजते, आणि मालकाला विचारते, ‘दादा, तुम्ही स्वतः हिच्यातून कुठवर गेला होतात हो?’ या प्रश्नास उत्तर देताना जो माणूस अडखळला नाही, त्याची मोटार घ्यावी; उस्तादांच्या खालोखाल माझा विश्वास या प्रश्नावर आहे.

मोटार दारात आली म्हणजे नारळ फुटतो, लिंबू-मिरची टांगली जाते, चाकाखाली लिंबे ठेवली जातात, आणि पहिला दौरा सहकुटुंब मकबऱ्याला नव्हे तर नातेवाइकांकडे निघतो, कारण ज्यांच्यासाठी मोटार घेतली त्यांना ती दिसली पाहिजे. त्यानंतर ती बहुतेक काळ आच्छादनाखाली निजते. पेट्रोल शंभरीच्या पुढे गेल्यामुळे दूध, भाजी व कचेरी ही खाती दुचाकीकडेच राहतात. मोटारीकडे आई, लग्ने आणि पाऊस एवढीच खाती सोपवलेली असतात. ती धुण्याचा दिवस नळाच्या वेळापत्रकावर अवलंबून असल्याने आळीतील सर्व मोटारी एकाच सकाळी स्वच्छ व नंतर एकाच प्रमाणात मळत जातात, आणि समाजवादाचे इतके शुद्ध रूप अन्यत्र पाहावयास मिळत नाही. आमचा गृहस्थ मात्र महिन्यातून एकदा उस्तादांच्या काढलेल्या आसनावर जाऊन बसतो, ऑइल पाहून घेतो, कधी बुश, कधी बेल्ट बदलतो, आणि इकडेतिकडे करीत ती मोटार वर्षानुवर्षे चालते. गृहिणीला उतरून ढकलण्याचा प्रसंग येत नाही. लोक म्हणतात, नशिबाने मोटार भरवशाची मिळाली. नशिबाचा यात इतकाच भाग, की उस्तादांचे दुकान त्याच्या वाटेवर होते.

पुढे यथाकाल ती मोटार विकावयाची वेळ येते. तेव्हा हाच गृहस्थ, ज्याने काचांची वर्षे वाचली, टायरचे आठवडे मोजले, गालिच्याचा वास घेतला, तो मोबाइल हाती घेऊन जाहिरात लिहावयास बसतो. आणि अ‍ॅकरलॉफच्या सिद्धान्ताचा पूर्वार्ध ज्याने सोसला, तो त्याचा उत्तरार्ध उपभोगण्यास सिद्ध होऊन ‘फॅमिली यूज’, ‘शोरूम कंडिशन’, ‘एक रुपयाचे काम नाही’ अशी विशेषणे एकामागून एक सढळ हाताने उतरवत जातो, किंमत एक लाख दहा हजार ठेवतो, आणि गिऱ्हाईक येण्यापूर्वी इंजिन थोडे तापवूनही ठेवतो. ठरल्या वेळी एक तरुण जोडपे येते. त्यांच्या मागून हात पुसत जी व्यक्ती फाटकातून आत शिरते, तिला पाहताच तो उठून उभा राहतो, ‘या उस्ताद, बसा’ म्हणतो, आणि बॉनेट उघडण्यापूर्वीच किंमत नव्वद हजारांवर आणतो.